बदलापूरचा कोड बी-यू-डी का? अक्षरं शोधण्याची एक गोष्ट

रेल्वेच्या ॲपवर लोकल कुठे आली ते बघताना स्टेशनांचे कोड दिसतात. कल्याण के-वाय-एन, विठ्ठलवाडी व्ही-एल-डी-आय, उल्हासनगर यू-एल-एन-आर, अंबरनाथ ए-बी-एच. सगळे सरळ आहेत. मग येतं बदलापूर, बी-यू-डी. आमच्या गावाच्या स्पेलिंगमध्ये बी-नंतर ए येतो, यू तर पार शेवटाकडे. मग हा यू मध्येच कुठून आला?

माझी पीएचडी डीएनएच्या लांबलचक साखळ्यांत ठराविक तुकडे शोधण्यावर आहे. त्यामुळे हा प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच. आज डीएनए बाजूला ठेवू आणि इंग्रजी अक्षरांवरच बोलू.

समजा मी म्हटलं, बी, यू आणि डी ही अक्षरं असलेले इंग्रजी शब्द शोधा. वाक्य सोपं वाटतं, पण त्याचे तीन अर्थ होतात. पहिला: तिन्ही अक्षरं सलग हवीत. उदाहरणार्थ ‘बजेट’, त्याच्या स्पेलिंगची सुरुवातच बी-यू-डी अशी आहे. दुसरा: अक्षरं त्याच क्रमाने हवीत, मध्ये दुसरी आली तरी चालतील. ‘ॲबसर्ड’ घ्या: ए-बी-एस-यू-आर-डी. तिसरा: अक्षरं शब्दात कुठेही असली तरी चालेल, क्रमाचं बंधन नाही. ‘कपबोर्ड’मध्ये तिन्ही आहेत, पण यू आधी येतो आणि बी नंतर. कॉम्प्युटरला यातलं नेमकं काय हवंय ते सांगितलं नाही, तर तो भलताच शब्द आणून देतो, किंवा हवा तो शब्द समोर असून दाखवत नाही.

आता हीच चाळणी स्टेशनांना लावू. कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि अंबरनाथ दुसऱ्या अर्थाने पास होतात: कोडमधली अक्षरं नावात त्याच क्रमाने सापडतात. बदलापूर फक्त तिसऱ्या अर्थाने पास होतं. ठाण्याचंही तसंच. कोड टी-एन-ए, पण आजच्या स्पेलिंगमध्ये एन-नंतर ए नाहीच, शेवटी ई आहे. कुर्ला तर तिन्ही परीक्षांत नापास! कोड सी-एल-ए, आणि नावात सी औषधालाही नाही. वसई रोडचा कोड बी-एस-आर, तिथे बी नाही.

उत्तर जुन्या स्पेलिंगमध्ये आहे. इंग्रज कुर्ल्याला सी-ओ-ओ-आर-एल-ए असं लिहीत. वसई म्हणजे बसीन. ठाण्याच्या शेवटी ए असायचा, 1882 च्या गॅझेटिअरवरही तेच स्पेलिंग आहे. नावं बदलली, पाट्या बदलल्या, कोड मात्र तसेच राहिले.

मग बदलापूर? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. आपला ‘अ’ इंग्रजीत कसा लिहायचा यावर दोन मतं होती. विल्यम जोन्स यांनी 1788 मध्ये छापलेल्या पद्धतीत ‘अ’साठी ए हे अक्षर होतं. जॉन गिलख्रिस्ट यांनी यू वापरला. इंग्रजी कानाला यू सोयीचा होता, ‘कप’ आणि ‘बट’मध्ये असतो तसा. पंजाबच्या स्पेलिंगमध्ये तो आजही आहे. 1870 च्या दशकात विल्यम हंटर यांची ए-वाली पद्धत सरकारने स्वीकारली. पण आपल्याकडे रेल्वे त्याआधीच आली होती: 1853 मध्ये ठाण्यापर्यंत, 1854 मध्ये कल्याणला आणि 1856 मध्ये बदलापूरवरून खोपोलीपर्यंत. यू-वाल्या पद्धतीने ‘बदलापूर’ लिहायला घ्या. पहिली तीन अक्षरं येतात बी, यू, डी. तीही सलग!

इथे थोडं थांबते, कारण गाईड हेच विचारतील: दुसरं कारण असू शकत नाही का? असू शकतं. दोन स्टेशनांना एकच कोड देता येत नाही, त्यामुळे सोयीची अक्षरं आधीच गेलेली असू शकतात. कुर्ला आणि वसईला हा आक्षेप लागू होत नाही, कारण नावात नसलेलं अक्षर टक्कर टाळायला कुणी घेणार नाही. बदलापूरला तो लागू होतो. म्हणून माझा निष्कर्ष ‘बहुधा’ असा आहे, ‘नक्की’ नाही. उल्हासनगर मात्र छान तुलना पुरवतं. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि 8 ऑगस्ट 1949 ला त्या वस्तीला हे नाव मिळालं. तोवर ए-वालं स्पेलिंग रुळलेलं होतं, आणि त्याच्या कोडमध्ये जुनं काहीच अडकलेलं नाही.

हा नुसता टाइमपास नाही. माझे आजोबा अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. ते गेल्यावर आजीच्या पेन्शनसाठी आम्ही एका कार्यालयात खेटे घातले. ‘सिस्टीममध्ये रेकॉर्ड नाही’ हे उत्तर तीनदा ऐकलं. रेकॉर्ड होतं. गावाचं नाव यू-ने सुरू केलेलं होतं, आणि समोरचा माणूस ए-ने शोधत होता, तेही सलग अक्षरं.

या दुखण्यावर जुना इलाज आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी 1918 मध्ये नावांच्या उच्चारावरून सूची करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्यातून आलेली पद्धत म्हणजे साउंडेक्स: पहिलं अक्षर ठेवा, पुढचे स्वर गाळा, सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एकच आकडा द्या. पण पहिलं अक्षर ती पक्कं धरते, म्हणून ए आणि यू-ने सुरू होणारी दोन अंबरनाथं तिच्या लेखी वेगळी गावं. आपल्याला सगळेच स्वर गाळायला हवेत. एम-बी-आर-एन-टी-एच क्रमाने शोधा, तिन्ही अंबरनाथ सापडतात: रेल्वेचं मध्ये ई असलेलं, इतरत्र दिसणारं ए-वालं आणि आजोबांच्या कागदावरचं. कुर्ल्याला ही युक्ती पुरत नाही. के आणि सी-चा घोळ म्हणून पहिलं अक्षरही सोडलं, तर उरतात आर आणि एल, आणि त्यात ‘गर्ल’, ‘पर्ल’, ‘वर्ल्ड’ सगळेच अडकतात. चाळणी सैल केली की खडेही येतात.

तुमच्या घरचा जुना कागद ‘सापडत नाही’ असं कुणी म्हणालं, तर लगेच मान्य करू नका. स्वर गाळून, क्रम धरून पुन्हा शोधायला सांगा. आजीची पेन्शन चौथ्या खेपेला सुरू झाली.