तगाईपासून तुतीपर्यंत



मंडळाच्या वाढदिवसाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाककृती लिहावी, तर माझ्यापेक्षा सुगरणी मंडळात पुष्कळ आहेत. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकीने सहज विचारले, "सरकार शेतकऱ्याला एवढे पैसे देते म्हणतात, मग ते जातात तरी कुठे?" सगळ्याजणी हसल्या. मला मात्र हसू आले नाही. ह्या प्रश्नाचे उत्तर माझ्या माहेरच्या गोठ्यात आहे, धारूरकडच्या डोंगरउतारावरच्या सीताफळीत आहे, आणि आज माझ्या घरामागच्या शेडमध्येही आहे, असे मनात आले. म्हणून ही हकीकत. राजेरजवाड्यांच्या गोष्टी वाचून व ऐकून लिहिल्या आहेत. घरच्या गोष्टी डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत.

राज्यकर्त्याने शेतीला हात देणे ही काही आजची गोष्ट नव्हे. बीड शहराजवळची खजाना विहीर आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिली असेल. साडेचारशे वर्षांच्या सुमारास, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळी, सलाबतखान नावाच्या जहागीरदाराने ती बांधविली. तिचे पाणी उपसावे लागत नाही, ते भुयारी पाटाने आपोआप शेतांकडे वाहते. दुष्काळात गावोगावच्या विहिरी कोरड्या पडल्या तरी खजाना आटली नाही, असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. सरकारी पैशातून झालेले हे काम अजून पाणी देते, ह्यापरते दुसरे प्रशस्तिपत्र कोणते?

पण त्याहून मोठी गोष्ट मला शिवाजीमहाराजांच्या एका पत्रात सापडली. ५ सप्टेंबर १६७६ रोजी महाराजांनी कोकणातील प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत ह्यांस हे पत्र लिहिले. त्याचा भावार्थ असा, की सुभेदाराने गावोगाव हिंडावे, कुणबी गोळा करावे, कोणाजवळ किती माणूसबळ आहे ते पाहावे. ज्याच्या अंगात कष्टाची ताकद आहे पण बैल नाहीत, पोटाला दाणे नाहीत, म्हणून शेत पडून आहे, त्याला बैलांसाठी रोख पैसा द्यावा आणि खायला धान्य द्यावे. पुढे वसूल करताना वाढीदिढी घेऊ नये. नुसते मुद्दल, तेही त्याला जसजशी ऐपत येईल तसतसे, हळूहळू घ्यावे. ह्या कामी दोन लाख लारीपर्यंत खर्च करण्याची तयारी महाराजांनी दाखविली होती. (लारी हे त्या वेळचे कोकणपट्टीत चालणारे चांदीचे नाणे.) ह्यात मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. बैल आधी, नांगरट नंतर, वसुली सर्वांत शेवटी. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

ह्या आगाऊ पैशालाच पुढे तगाई म्हणू लागले. मूळ शब्द तकावी, त्याचा अर्थ बळ देणे. इंग्रजांच्या मुलखात, म्हणजे आपल्या शेजारच्या नगर-सोलापूरकडे, १८८३ आणि १८८४ साली तगाईचे दोन कायदे झाले. पहिला विहिरी, बांधबंदिस्ती अशा जमिनीच्या सुधारणेसाठी, दुसरा बी-बियाणे व बैलांसाठी. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथेही तगाई होती, पण कागद उर्दूत. अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते तो काळ. माझे आजोबा सांगत, की अर्ज लिहिणाऱ्याला आधी खुश करावे लागे, कारण आपण कशावर अंगठा उठवतो आहोत हे त्याच्याशिवाय कोणालाच कळत नसे. तगाईची बाकी सारावसुलीसारखीच वसूल होई. पीक बुडाले तरी बाकी बुडत नसे. म्हणून कित्येक जण तगाईपेक्षा सावकार बरा म्हणत. तो निदान दारात येऊन आपल्या भाषेत शिव्या देई!

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. १९६२ साली जिल्हा परिषदा व पंचायत समित्या झाल्या. ग्रामसेवक, सुधारलेले बियाणे, रासायनिक खत, विहिरीला कर्ज आणि तिच्यावर तेलाचे इंजिन हे सगळे त्या वीस-बावीस वर्षांत आले. ज्याची जमीन काळी आणि विहिरीला पाणी, त्याचे चांगले झाले. आमच्यासारख्या माळरानवाल्यांना त्याचा उपयोग बेताचाच.

मग १९७२ चा दुष्काळ आला. माझी माय तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. ती खडी फोडायला जाई, पाझर तलावावर मातीच्या पाट्या वाही. अमेरिकेतून आलेला लाल मिलो खाल्ल्याचे आणि कामावर मिळालेली सुखडी फडक्यात बांधून धाकट्या भावंडांसाठी आणल्याचे ती अजून सांगते. त्या दुष्काळातच रोजगार हमीचे रूप राज्यभर उभे राहिले. मागेल त्याला काम, ही कल्पना वि. स. पागे ह्यांची. सांगली जिल्ह्यात विसापूरला त्यांनी ती आधी करून पाहिली होती. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ह्या कामाला पैसा मिळावा म्हणून १९७५ साली नोकरदार व व्यापारी मंडळींवर व्यवसायकर बसविला गेला. मुंबईच्या कचेरीतल्या बाबूच्या पगारातून कापलेला रुपया आमच्या डोंगरातल्या पाझर तलावावर आला, हे मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडे अशा गोष्टींबद्दल कोणी कोणाचे आभार मानीत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

आता म्हशीची गोष्ट. नुसत्या ज्वारी-बाजरीवर घर चालत नाही, शेतीला जोडधंदा हवा, हे सरकारच्याही ध्यानात आले होते. २ ऑक्टोबर १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशातल्या सगळ्या तालुक्यांत लागू झाला. गरीब घराला म्हैस, शेळ्या, बैलगाडी, शिलाईयंत्र असे काही घेण्यासाठी बँकेचे कर्ज आणि त्यात सरकारची सूट. लहान शेतकऱ्याला पाव हिस्सा, अल्पभूधारकाला व मजुराला एक तृतीयांश. मी तिसरीत असताना आमच्या दारात अशी म्हैस आली. मायने तिची ओटी भरली, शिंगांना तेल लावले. वडिलांना निवडू दिली नव्हती. मधल्या माणसाने दाखविली तीच घ्यावी लागली. कानात विम्याचा बिल्ला होता. म्हैस मेली तर कानासकट तो बिल्ला दाखवावा लागे, म्हणून माय रोज सकाळी आधी बिल्ला पाही आणि मग म्हैस. पंधरा दिवसांत कळले, की म्हैस आटत आलेली आहे. वैरण विकत, पेंड विकत, आणि दूध तांब्याभरसुद्धा नाही. वर्षाच्या आत ती निम्म्या किमतीत विकली. कर्जाचे हप्ते मात्र मी सातवीत जाईपर्यंत चालले होते. माय म्हणे, "म्हस आपल्या दारात आली, पण दूध दुसऱ्याच्याच घरी ऱ्हायलं."

मी त्या कार्यक्रमाला सरसकट नावे ठेवीत नाही. आमच्याच गल्लीत एका विधवा बाईने शेळ्या घेतल्या, स्वतः बाजारात जाऊन स्वतः पारखून घेतल्या, आणि दोन मुली उजवल्या. फरक पारखण्याचा होता. शेणघाण, वैरणपाणी, धार हे सगळे जिच्या हातचे, तिला जनावर निवडायला कोणी नेलेच नाही. अर्ज वडिलांचा, सही वडिलांची, आणि पहाटे चारला उठणे मायचे.

ह्याउलट सीताफळीचे झाले. १९९०-९१ पासून महाराष्ट्राने रोजगार हमीतून फळबागा लावायला सुरुवात केली. लहान शेतकऱ्याला खर्चाचे शंभर टक्के अनुदान, तीन वर्षांत विभागून. खड्डे आपल्याच रानात खणायचे आणि त्याची मजुरी हजेरीपटावर आपल्यालाच मिळायची. जी माय दुसऱ्यांच्या तलावावर पाट्या वाहत होती, ती आता स्वतःच्या उतारावर दोन-दोन फुटांचे खड्डे घेऊ लागली. रोपे मिळाली, एकरी १६० च्या हिशेबाने. उन्हाळ्यात आम्ही पोरींनी डोक्यावर हंडे नेऊन ती जगविली, कारण झाड जगले तरच पुढच्या वर्षीचे पैसे. हिशेबाचा हा मार्ग मला पटतो. म्हैस दाखवून पैसे उचलता येत होते, पण मेलेले रोप जगलेले दाखविता येत नाही. १९९० पूर्वी राज्यात फळबागा अडीच लाख हेक्टरांच्या आत होत्या, पुढच्या दीड दशकात दहा लाखांपेक्षा जास्त हेक्टरांची त्यात भर पडली.

सीताफळ आपल्या बालाघाटच्या डोंगरात आधीपासून रानात उगवतेच. पानाला शेळी तोंड लावीत नाही, पाणी कमी पुरते. अंबाजोगाईला त्याचे संशोधन केंद्र आहे आणि २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांत मोसंबीच्या बागा लोकांनी कुऱ्हाडीने तोडून सरपणाला नेल्या, तेव्हा माहेरची सीताफळी निष्पर्ण होऊन उभी होती आणि पावसाबरोबर पुन्हा फुटली. दोष एकच. फळ तोडल्यावर दोन-तीन दिवसांत मऊ पडते, त्यामुळे व्यापारी म्हणेल तो भाव. गर काढून थंडीत ठेवण्याची सोय जवळपास असती तर बरे झाले असते. झाड लावायला पैसे मिळाले. फळ टिकवायला मिळायला फार वर्षे गेली.

सासरी मात्र झाडही नव्हते. दसरा झाला की मुकादम येई आणि उचल देई. नवराबायको मिळून एक कोयता, असा हिशेब. दिवाळीनंतर बैलगाडीत संसार भरून कारखान्याच्या फडावर जायचे ते चैत्रातच परतायचे. मी अशा अकरा हंगामांना गेले. त्याचे वर्णन इथे करीत नाही, मंडळात पुष्कळजणींना ते माहीत आहे. एवढेच सांगते, की मुकादम पैसे आधी देतो. घरात लग्न असो, दवाखाना असो, दसऱ्याला रोकडा हातात. आणि सरकारी अनुदान? आधी खर्च करा, पावत्या जोडा, फोटो काढा, मग खात्यावर येईल. शेततळे, ठिबक, शेडनेट, सगळ्यांची बहुतेक हीच रीत. चोरी होऊ नये म्हणून ही काळजी, हे मी समजते. आमच्या म्हशीनेच ते शिकविले आहे. पण ज्याच्याजवळ आधी घालायला पैसे आहेत त्यालाच अनुदान मिळते, आणि ज्याच्याजवळ नाहीत तो मुकादमाच्या दारात जातो. प्रभावळीच्या पत्रातला क्रम इथे उलटा झाला आहे.

आमची सुटका तुतीने केली. २०१८ साली आम्ही एक एकर तुती लावली. रोजगार हमीतून लागवड, जोपासना व शेड ह्यांसाठी तीन वर्षांत ८९५ मनुष्यदिवसांची मजुरी धरलेली होती. आपल्याच रानातले काम, सीताफळीसारखे. पण शेडचे पत्रे, लोखंड, रॅक हे आधी उभे करावे लागणार होते. आमच्याकडे पत्र्याच्या पैशांची ऐपत नव्हती. तेव्हा आपल्या मंडळातल्या बचत गटाने मला कर्ज दिले. कोणी एक प्रश्न विचारला नाही. शेडची रक्कम चौदा महिन्यांनी आली. गट नसता तर त्या दसऱ्याला आम्ही पुन्हा उचल घेतली असती, हे निश्चित.

अर्जाच्या वेळी आणखी एक गोष्ट निघाली. सातबारावर माझे नाव नव्हते. १९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला शरद जोशी ह्यांच्या शेतकरी संघटनेने स्त्रियांचे मोठे अधिवेशन भरविले होते. त्यातून पुढे बायकोच्या नावे जमीन करून देण्याची लक्ष्मीमुक्तीची चळवळ निघाली आणि १९९२ साली सरकारनेही नवऱ्याबरोबर बायकोचे नाव सातबारावर लावण्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना काढली. हे मला कळले तेव्हा त्याला पंचवीस वर्षे उलटून गेली होती! यजमान भले म्हणून एका शब्दावर कबूल झाले. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. नंतर त्यांनीच विचारले, "माझं बी लागलं असतं का गं?"

किड्यांचे काम नाजूक. लहान अळ्या बाहेरून वाढवून आणायच्या, पुढे वीस दिवसांच्या आत-बाहेर कोष तयार होतात. दिवसातून तीन-चार वेळा पाला. १०० अंडीपुंजांमागे साठ-सत्तर किलो कोष, वर्षाला चार-पाच पिके. पहिले कोष आम्ही पार कर्नाटकात रामनगरला नेले. पुढे जालन्याची आणि मग बीडची बाजारपेठ झाली. २०२०च्या टाळेबंदीत भाव पार कोसळला, एक पीक तोट्यात गेले. एकदा शेजारच्या कापसावरच्या फवारणीचा वारा पाल्यावर आला आणि सगळे किडे दोन दिवसांत गेले. तरीही त्या वर्षापासून कोयता घरात टांगलेला आहे आणि धाकटीची शाळा एकाच गावात दहावीपर्यंत झाली.

ज्यांना शेड पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे. मात्र येताना अत्तर-पावडर लावू नये, उदबत्तीचा वास अंगाला नसावा, आणि घरच्या पुरुषमंडळींनी तंबाखूची पुडी बाहेर ओट्यावर ठेवून मगच आत पाऊल टाकावे. पाय धुवायला पाणी दाराशीच ठेवलेले असते.