एकवीस धावांचा मान

‘सगळ्यांसाठी आपलं थोडं बाजूला ठेवावं’, हे आपण बायका लहानपणापासून ऐकत आलो. सांगणारे वाईट मनाने सांगत नाहीत. पण कुणी आपलं बाजूला ठेवलं, तर त्यातून इतरांना नक्की काय मिळालं, हा हिशेब घरात कुणी मांडत नाही. क्रिकेटमध्ये मात्र प्रत्येक धाव लिहून ठेवतात, त्यामुळे तिथे तो मांडता येतो. म्हणून तीन मराठी फलंदाजांच्या हकिकती सांगते. ज्यांना क्रिकेट कळत नाही त्यांनीही वाचाव्यात. गोष्ट शेवटी माणसांचीच आहे.

पहिली हकिकत पुण्याची, डिसेंबर १९४८ मधली. पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठियावाड यांचा रणजी सामना चालू होता. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. मग कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळायला उतरले, ते बाद होईचनात. कमल भांडारकरांबरोबर त्यांनी ४५५ धावांची भागी केली. भांडारकर २०५ वर गेले, भाऊसाहेब खेळतच राहिले. तिसऱ्या दिवशी खेळ थांबला तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा होत्या आणि त्यांच्या एकट्याच्या ४४३. त्या वेळी जगातला सर्वांत मोठा डाव होता डॉन ब्रॅडमनचा, १९३० मधला नाबाद ४५२. म्हणजे बरोबरीला नऊ आणि विक्रमाला दहा धावा हव्या होत्या. खेळ सुरू झाला असता तर दोन-चार षटकांचं काम!

पण खेळ सुरू झालाच नाही. काठियावाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. आपल्या संघाविरुद्ध जगाचा विक्रम झाला अशी नोंद राहणं त्यांना नको होतं. डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो, असं त्यांनी सांगितलं. महाराष्ट्राने डाव घोषित केला नाही, आणि काठियावाडचा संघ सामना सोडून निघून गेला.

आता हिशेब करू. संघाला पुरेशा धावा कधीच मिळाल्या होत्या, मग एका माणसाच्या विक्रमासाठी खेळत राहणं योग्य होतं का? असं कुणी विचारलं तर तो प्रश्न गैर नाही. पण भाऊसाहेबांच्या त्या दहा धावांनी महाराष्ट्राचं काही जाणार नव्हतं. त्यांचे सोबती तर त्यांच्या पाठीशी उभे होते. आड आला तो समोरच्या कर्णधाराचा स्वतःचा मान, आणि त्याला नाव मिळालं संघाच्या अब्रूचं. ही अदलाबदल आपल्या ओळखीची आहे. घरात ‘लोक काय म्हणतील’ असं म्हटलं जातं, तेव्हा ते लोक पुष्कळदा एकच माणूस असतो.

भाऊसाहेब पुढे आपल्या मध्य प्रदेशातल्या इंदूरच्या होळकर संघाकडूनही खेळले. भारताकडून कसोटी खेळण्याची संधी त्यांना एकदाही मिळाली नाही. २०१२ साली, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते गेले.

दुसरी हकिकत मुलतानची, मार्च २००४ मधली. सचिन तेंडुलकर १९४ वर नाबाद होता, द्विशतकाला सहा धावा कमी. सौरव गांगुली जखमी असल्यामुळे कर्णधारपद राहुल द्रविडकडे होतं. राहुलचा जन्म इंदूरचा आणि घरची भाषा मराठी. त्याने ५ बाद ६७५ वर डाव घोषित केला. पाकिस्तानला त्याच संध्याकाळी खेळायला लावावं, हा हेतू. सचिन नाराज झाला आणि ते त्याने लपवलं नाही. मैदानावरच्या आपल्या खेळात याने फरक पडणार नाही, पण मैदानाबाहेर थोडा वेळ मला एकटं राहू दे, अशा अर्थाचं त्याने राहुलला सांगितलं. भारत तो सामना एक डाव आणि ५२ धावांनी जिंकला. पाकिस्तानात भारताचा तो पहिला कसोटी विजय.

राहुलचं चुकलं की बरोबर होतं, यावर अजून वाद होतात. पण इथे संघाला वेळ हवा होता हे खरं, आणि सचिनला वाईट वाटलं हेही खरं. त्याग करणाऱ्याने हसतमुखच असलं पाहिजे, असं थोडंच आहे? वाईट वाटलं हे सांगूनही माणूस संघाशी एकनिष्ठ राहू शकतो.

आमच्या बाग सेवनियात भिशीला बायका जमल्या की हे प्रश्न वेगळ्या वेषात येतात. कुणाच्या सुनेला बढती मिळते पण बदली पुण्याला. कुणाच्या मुलीला पुढे शिकायचंय, पण धाकट्या भावाचं बारावीचं वर्ष आहे. सगळ्या पटकन म्हणतात, ‘घर बघावं बाई.’ घर बघावंच. पण आधी विचारावं, घराला खरंच वेळ हवाय, की कुणाला तरी नुसता आपला मान राखायचाय? मुलतान आणि पुणे यांत फरक आहे तो एवढाच.

तिसरी हकिकत सगळ्यांत जुनी, १९४३ ची. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी सामन्यांची अंतिम लढत होती. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. समोर ‘दि रेस्ट’ हा संघ, त्याचा पहिला डाव १३३ वर संपलेला. दुसऱ्या डावात सांगलीचे विजय हजारे उभे राहिले आणि संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने केल्या. सामना मात्र डावाने गेला.

त्या ३०९ मागे एक भाऊ होता, विवेक हजारे. दोघांनी मिळून तीनशे धावांची भागी केली, आणि त्यात विवेकच्या धावा होत्या एकवीस. त्याला मोठे फटके मारावेसे वाटले नसतील का? पण तो एक बाजू धरून उभा राहिला, आणि म्हणून दुसऱ्या बाजूने इतिहास घडला.

विवेकचे एकवीस आपल्याला माहीत आहेत, कारण ते धावफलकात लिहिले गेले. आपल्या घरांमधून असे एकवीस पिढ्यान् पिढ्या झाले, ते लिहायला कुणी नव्हतं. एक बाजू धरून उभं राहणं कमीपणाचं नाही. फक्त ती बाजू दर वेळी एकाच माणसाच्या वाट्याला येऊ नये, आणि ज्याने ती धरली त्याचं नाव घरच्या धावफलकात लिहिलं जावं.