देवळालीची बार्न्स शाळा व तिचें मूळ

१. नाशिकचा इतिहास लिहावयाचा म्हटलें म्हणजे पंचवटी, पांडवलेणीं, गोदातीरावरील पेशवेकालीन देवळें व घाट आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या हीं साधनें अभ्यासकाच्या डोळ्यांपुढें प्रथम येतात. इंग्रजी अमदानींत या जिल्ह्यांत ज्या परकीय संस्था रुजल्या, त्यांच्याकडे आमच्या संशोधकांचें लक्ष क्वचितच जातें. त्या संस्थांचा आमच्या भाषेशीं व समाजाशीं संबंध तो काय, अशी समजूत याच्या मुळाशीं असते. ही समजूत कितपत टिकते हें देवळाली येथील बार्न्स शाळेच्या उदाहरणावरून पाहण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. विलायती धर्तीचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम, वसतिगृहाची शिस्त आणि मुख्यतः युरोपियन व अँग्लो-इंडियन कुटुंबांतील मुलें, असें या शाळेचें आरंभींचें स्वरूप होतें. वरवर पाहतां मराठीस हिच्याइतकी परकी शाळा दुसरी सांपडणें कठीण. परंतु हिचें कुळ शोधीत मागें गेलें असतां आपण जेथें पोहोंचतों, तें ठिकाण जुन्या मराठी छापील ग्रंथांचा संग्रह करणारांच्या चांगल्या परिचयाचें आहे.

२. प्रथम शाळेच्या वयाचा प्रश्न. शाळेच्या परंपरेंत तिचा आरंभ इ. स. १७१८ पर्यंत नेण्यांत येतो. त्या वर्षीं मुंबईच्या किल्ल्यांतील सेंट टॉमसच्या देवळाचें काम पुरें होऊन नाताळच्या दिवशीं तें उघडलें गेलें. त्या कामीं पुढाकार घेणारे कंपनीचे धर्मोपदेशक रिचर्ड कॉब यांनीं गरीब मुलांसाठीं एक लहानशी धर्मार्थ शाळा काढली; तींत बारा मुलें व एक शिक्षक होता, असें सांगतात. दुसरें साल १८१५. त्या वर्षीं ता. २९ जानेवारीस मुंबईंत एक सभा भरून, मुंबई इलाख्यांतील गरिबांच्या शिक्षणास उत्तेजन देणारी मंडळी स्थापन झाली. हीच पुढें बॉम्बे एज्युकेशन सोसायटी या सुटसुटीत नांवानें ओळखली गेली. मुंबईचे पहिले आर्चडीकन जॉर्ज बार्न्स हे तिचे प्रवर्तक होत, आणि कॉब यांची जुनी शाळा तिच्याच ताब्यांत आली. तिसरें साल १९२५. त्या वर्षीं देवळालीची शाळा उघडली. हीं तीन सालें एकमेकांत मिसळल्यानें घोटाळा होतो. आमच्या मतें १७१८ हें पूर्वपीठिकेचें, १८१५ हें संस्थेचें आणि १९२५ हें स्थळाचें साल मानावें. संस्थेचा अखंड वंश सोसायटीपासून चालत आला आहे, आणि शाळेस कॉब यांचें नांव न देतां बार्न्स यांचें नांव दिलें गेलें, हें याच मतास पोषक आहे.

३. सोसायटीचा मूळ हेतु मर्यादित होता. कंपनीच्या पलटणींतील गोऱ्या शिपायांचीं पोरकीं व निराधार मुलें संभाळून त्यांस ख्रिस्ती धर्मानुसार शिक्षण द्यावें, एवढाच तो होता. शिकविण्याची पद्धति डॉक्टर बेल यांची. वरच्या इयत्तेंतील मुलानें खालच्यांस शिकवावें, हें तिचें सूत्र. ही पद्धति विलायतेंत गाजली खरी, परंतु तिचें नांवच मुळीं 'मद्रास पद्धति' असें होतें. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेल हे मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेवर असतांना, देशी मुलें वाळूंत बोटानें अक्षरें गिरवितांना त्यांनीं पाहिलीं व तो प्रकार आपल्या शाळेंत आणिला. आमच्या पंतोजींच्या शाळेंतील धुळपाटी ज्यांस ठाऊक आहे, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. विलायतेहून आलेली म्हणून जी शिक्षणपद्धति मुंबईंत सुरू झाली, तिच्या पायाशींही अशी या देशाची वाळू होती.

४. पुढें सोसायटीनें देशी मुलांसाठींही कांहीं शाळा काढल्या. त्यांस पुस्तकें हवींत, आणि तीं देशी भाषांत हवींत, हें लौकरच ध्यानांत आलें. सबब इ. स. १८२० च्या ऑगस्टांत या कामासाठीं एक निराळी कमिटी नेमण्यांत आली. मौंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हां मुंबईचे गव्हर्नर होते. १८२२ सालीं ही कमिटी मूळ सोसायटीपासून विभक्त होऊन स्वतंत्र संस्था बनली. हीच जुन्या मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस ठाऊक असलेली हैंदशाळापुस्तकमंडळी होय. १८२७ सालीं तिचें नांव बदलून बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी असें झालें. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचे चिटणीस होते, आणि देशी चिटणीस सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे. छत्रे यांचें 'बाळमित्र' व 'इसापनीति' हीं पुस्तकें १८२८ सालचीं. बाळशास्त्री जांभेकर यांचा सार्वजनिक कार्यांतील प्रवेशही याच मंडळीच्या नोकरींतून झाला. सारांश, अर्वाचीन मराठी गद्याचे पहिले शालोपयोगी ग्रंथ ज्या शाखेस आले, ती १८१५ च्या सोसायटीच्याच खोडास फुटली होती.

५. शाखा विभक्त झाली तरी मूळ सोसायटीचा मराठीशीं संबंध तुटला नाहीं. याविषयींचा सर्वांत बोलका पुरावा पुष्कळ संग्राहकांच्या कपाटांत आज उभा असेल. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ति १८३१ सालची. सुधारून वाढविलेली दुसरी १८५७ सालची. या दुसऱ्या आवृत्तीचें मुखपृष्ठ पाहावें. कोश सरकारसाठीं छापिला तो बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यांत. म्हणजे ज्या संस्थेनें पुढें देवळालीची इंग्रजी शाळा बांधिली, तिच्याच छापखान्यांतून मराठीचा हा महाकोश बाहेर पडला. मुखपृष्ठाच्या तळची ही एक ओळ आम्ही सर्वजण वाचतों. परंतु तिचा धागा नाशिक जिल्ह्यांत येऊन पोहोंचतो, इकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं.

६. सोसायटीच्या मुलांमुलींच्या शाळा १८२५ च्या सुमारास भायखळ्यास नव्या जागेंत गेल्या. त्या काळीं भायखळा मोकळें होतें. पुढें गिरण्या व चाळी यांनीं तें वेढलें, आणि वसतिगृहांतील मुलांसाठीं घाटावरील कोरडी हवा हवीशी वाटूं लागली. देवळाली येथें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लष्करी छावणी होती. विलायतेस परतणाऱ्या पलटणी आगबोटीची वाट पाहत तेथें मुक्काम करीत. या कंटाळवाण्या मुक्कामावरून देवळालीच्या नांवाचा अपभ्रंश होऊन तो वेडसर मनुष्यास लावण्याचा प्रघात इंग्रजी भाषेंत पडला. रेल्वेची सोय होती व हवा निरोगी होती. म्हणून ही जागा पसंत झाली. ता. १७ नोव्हेंबर १९२३ रोजीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं कोनशिला बसविली, आणि ता. २९ जानेवारी १९२५ रोजीं सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें शाळा उघडली. सोसायटीच्या स्थापनेस त्या दिवशीं बरोबर ११० वर्षें झालीं होतीं. वसतिगृहांतील मुलें देवळालीस आलीं. दिवसा येणाऱ्या मुलांची शाळा भायखळ्यासच राहिली.

७. स्वराज्यप्राप्तीनंतर या शाळेवर जो प्रसंग आला, तो केवळ तिचा राहिला नाहीं. राज्यघटनेच्या ३३७ व्या अनुच्छेदान्वयें अँग्लो-इंडियन शाळांस दहा वर्षें उतरत्या प्रमाणांत खास अनुदान मिळावयाचें होतें. अट ही कीं, दरसालच्या प्रवेशांपैकीं निदान शेंकडा ४० जागा इतर समाजांतील मुलांस खुल्या असाव्यात. असें असतां ता. ६ जानेवारी १९५४ रोजीं मुंबई राज्य सरकारनें हुकूम काढला कीं, ज्यांची भाषा इंग्रजी आहे असे अँग्लो-इंडियन व आशियाबाहेरील वंशाचे नागरिक यांच्या मुलांखेरीज इतरांस इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत नव्यानें घेऊं नये. त्यावरून शाळेनें दोन मुलांस प्रवेश नाकारिला. एक, घरांत इंग्रजी बोलणाऱ्या देशी ख्रिस्ती लष्करी अधिकाऱ्याची मुलगी. दुसरा, एका गुजराती हिंदु डॉक्टराचा मुलगा. दोघांचे पालक व स्वतः सोसायटी मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेलीं. १९५४ च्या फेब्रुवारींत तेथें हुकूम अवैध ठरला. राज्यानें सर्वोच्च न्यायालयाकडे अपील केलें, तेंही ता. २६ मे १९५४ रोजीं फेटाळलें गेलें. निकालपत्र न्यायमूर्ति सुधि रंजन दास यांचें आहे. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा यांवरून नागरिकास प्रवेश नाकारतां येत नाहीं, असें २९ वा अनुच्छेद सांगतो. हेतु कितीही चांगला असला तरी हुकुमाचा परिणाम तोच होत असल्यानें तो टिकत नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. शिवाय घटनेनें शाळांवर घातलेली अट पाळण्याचीच या हुकुमानें बंदी होत होती.

८. या वादांत सरकारचा पक्ष अगदींच निराधार होता असें म्हणवत नाहीं. मुलांस मातृभाषेंतून शिकवावें, हें तत्त्व त्याच्या मागें होतें. आणि तेंच तत्त्व १८२० सालच्या कमिटीनें पुस्तकांच्या रूपानें प्रथम अमलांत आणण्याचा यत्न केला होता. परंतु मातृभाषेची इमारत पुस्तकांनीं, कोशांनीं व चांगल्या शिक्षकांनीं उभी राहते. दुसऱ्या शाळेचें दार लावून घेतल्यानें ती उंच होत नाहीं. १९५४ सालीं न्यायासनापुढें जे दोन पक्ष समोरासमोर उभे राहिले, त्यांच्या दोन्ही विचारांचा उगम बऱ्याच अंशीं १८१५ च्या एकाच सभेंत सांपडतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे देशी आणि परकी अशी सरळ वांटणी करण्याची घाई आपण करणार नाहीं. निकालानंतर ही शाळा गोऱ्यांची व अँग्लो-इंडियनांची म्हणून राखून ठेवण्याचा मार्ग कायमचा बंद झाला. केंब्रिजच्या परीक्षांच्या जागीं भारतीय परीक्षा आणण्यासाठीं १९५८ सालीं दिल्लीस स्वतंत्र परिषद स्थापन झाली, आणि या जातीच्या शाळा तिच्याशीं जोडल्या गेल्या.

९. शेवटीं संग्राहकांस एक विनंति. सोसायटीचे वार्षिक अहवाल, वर्गणीदारांच्या याद्या, तिच्या छापखान्याचीं मुखपृष्ठें असलेलीं पुस्तकें, भायखळ्याहून देवळालीस झालेल्या स्थलांतराविषयींचीं पत्रें, किंवा शाळेशीं व्यवहार करणाऱ्या नाशिककर व्यापाऱ्यांच्या खतावण्या, यांपैकीं कांहीं कोणाच्या दप्तरांत असल्यास तीं इंग्रजी म्हणून बाजूस टाकूं नयेत. मोडी कागदास वाळवी लागली तर आपण हळहळतों. या कागदांसही तीच वाळवी लागते. नाशिकच्या इतिहासाचीं जीं साधनें आपण जमवितों, त्यांच्याच रुमालांत यांसही बांधून ठेवावें.