खुलदाबाद : कबरी, मकबरे व शिलालेख

छत्रपती संभाजीनगरच्या वायव्येस सुमारे २५ किमी.वर, दौलताबाद आणि वेरूळ यांच्या दरम्यान पठारावर वसलेले तटबंदीचे गाव. जुने नाव रौजा. मूळ अर्थ बाग; पुढे समाधिस्थानालाही हाच शब्द रूढ झाला. औरंगजेबाला मरणोत्तर ‘खुल्द-मकान’ (स्वर्गनिवासी) म्हणू लागले, त्यावरून खुलदाबाद. सूफी संत, बादशहा, सुलतान, सेनानी आणि कवी अशा निरनिराळ्या काळांतल्या माणसांच्या कबरी इथे एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर आहेत.

इथे आधी संत आले, राजे मागाहून. मुंतजिबुद्दीन जर जरी जर बक्ष १३०९ मध्ये वारले. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवल्यानंतर दिल्लीचे अनेक सूफी दख्खनेत उतरले; निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब (मृ. १३३७) त्यांपैकीच. त्यांचे शिष्य जैनुद्दीन शिराजी १३६९ मध्ये निवर्तले. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी तापीच्या समोरासमोरच्या काठांवर वसवलेली बुऱ्हाणपूर आणि जैनाबाद ही गावे याच गुरुशिष्यांची नावे लावतात. संताच्या सान्निध्यात दफन झाल्यास त्याचा आशीर्वाद लाभतो, या श्रद्धेने पुढचे सत्ताधीश इथे जागा मागत आले. म्हणून हे गाव एका बादशहाच्या कबरीपुरते पाहणे अपुरे आहे; दर्गे केंद्रस्थानी ठेवले तरच कबरींची मांडणी उलगडते.

औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ भिंगारला मरण पावला. त्याच्या इच्छेनुसार त्याला जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात पुरले. कबरीवर घुमट नाही, छत नाही. उघड्या मातीत सब्जा लावलेला असतो. टोप्या शिवून मिळालेल्या १४ रुपये १२ आण्यांत दफनाचा खर्च भागवावा, असे त्याने सांगितल्याची परंपरा आहे. भोवतालची संगमरवरी जाळी निजामाच्या काळातली. शहरातला बीबी का मकबरा, म्हणजे त्याच्याच बेगमेची, दिलरास बानूची (मृ. १६५७) कबर, यानंतर पाहिला तर हा साधेपणा अधिक जाणवतो. मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावरील लेखात रचनाकार अताउल्ला आणि स्थापत्यकार हंसपत राय यांची नावे आहेत. बांधणाऱ्यांची नावे अशी दारावर टिकून राहणे दुर्मीळ, म्हणून हा लेख मोलाचा.

बुऱ्हाणुद्दीनांच्या दर्ग्यात पहिला निजाम आसफजाह (मृ. १७४८) आणि त्याचा मुलगा नासिरजंग (मृ. १७५०) आहेत. गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशाह दौलताबादच्या कैदेत वारला, तोही याच गावात विसावला. मलिक अंबरचा (मृ. १६२६) दगडी, घुमटाचा मकबरा गावाच्या एका बाजूला आहे. १६१० मध्ये खडकी वसवून आजच्या शहराचा पाया घातला तो याच हबशी सेनानीने. त्याच्या मकबऱ्याकडे फार थोडे पर्यटक वळतात, ही खंत आहे. अमीर हसन देहलवी आणि १७८६ मध्ये वारलेले आझाद बिलग्रामी या दोन कवींच्या कबरीही इथलेच धन.

या कबरींवर मनुष्याकृती कोरत नाहीत. तिची जागा अक्षर, जाळी आणि वेलबुट्टी घेतात. मोगल रिवाजात पुरुषाच्या कबरीवर कलमदानासारखा उंचवटा आणि स्त्रीच्या कबरीवर सपाट पाटी ही खूण असते. फारसी-अरबी लेखांत पुष्कळदा मृत्युवर्ष अक्षरांत दडवतात. अबजद पद्धतीत प्रत्येक अक्षराला अंकमूल्य असते. ‘बिस्मिल्ला’च्या पूर्ण वाक्याची बेरीज ७८६ येते, ती याच हिशेबाने. हिजरी सन इसवीत आणायचा तर त्यातून त्याचा ३३ वा भाग वजा करून ६२२ मिळवावेत. औरंगजेबाचे मृत्युवर्ष हिजरी १११८ घेऊ : त्यातून ३४ गेले, उरले १०८४. त्यात ६२२ मिळवून १७०६. औरंगजेब त्या हिजरी वर्षाच्या अकराव्या महिन्यात वारला, तोवर इसवी १७०७ उजाडले होते.

कोरीव लेख वाचायला सकाळची किंवा संध्याकाळची वेळ बरी. तिरप्या उन्हात अक्षरांची सावली उठते. लेख स्पष्ट दिसावा म्हणून त्यावर खडू, तेल किंवा पाणी चोळू नये.