मतदानाला उरले ७३ तास

गुरुवार, ११ मार्च २००४, माद्रिद. सकाळी ७.३७
आतोचा स्थानकात पहिला स्फोट. तीनेक मिनिटांत चार लोकलमध्ये दहा बॉम्ब फुटले. मृतांचा आकडा पुढे १९०च्या वर गेला. मतदान रविवारी सकाळी ९ला सुरू होणार होते, आणि इराकयुद्धाला साथ दिल्याबद्दल स्पेनच्या आस्नार सरकारवर लोक आधीच चिडलेले होते. हल्ला जिहाद्यांचा निघाला, तर हा राग मतदानात उतरणार होता.

दुपारी १च्या सुमारास
पंतप्रधान आस्नार यांनी बड्या दैनिकांच्या संपादकांना स्वतः फोन केले: हे काम बास्क फुटीरांच्या ‘एता’चेच. ‘एल पाईस’ने विशेष अंकाचा मथळा बदलून थेट एताचे नाव छापले. या दिवसातली हीच गोष्ट मला फार लागते. सरकारचा दावा ज्यांनी तपासायचा, त्यांनीच तो घरोघरी पोहोचवला.

१.३०
गृहमंत्री आसेबेस : एताबद्दल शंकाच नाही.

दुपार
आल्काला स्थानकाजवळ सापडलेली पांढरी रेनॉ कांगू व्हॅन पोलिसांनी तपासली. आत डिटोनेटर आणि कुराणपठणाची कॅसेट.

साडेपाच
परराष्ट्रमंत्री पालासिओ यांची वकिलातींना तार : संधी मिळेल तिथे एताचेच नाव सांगा. कॅसेट तोवर पोलिसांच्या हाती होती. ही तार पुढे वर्तमानपत्रात आली आणि मंत्र्यांच्या विधानांशेजारी तिची वेळ ठेवून पाहता आली.

रात्री ८ नंतर
आसेबेस यांनी कॅसेट जाहीर केली, तरी पहिला संशय एतावरच. लंडनच्या ‘अल-कुद्स अल-अरबी’ दैनिकाला जिहादी गटाच्या नावाने जबाबदारी घेणारे पत्र आले. ‘कादेना सेर’ रेडिओने आत्मघातकी हल्लेखोराचा मृतदेह मिळाल्याची बातमी दिली. ती साफ खोटी ठरली. सरकारवर प्रश्न विचारणारी बातमीही तितकीच कसून तपासावी लागते.

शुक्रवार, पहाट
वायेकास पोलीस ठाण्यात, स्फोट झालेल्या लोकलमधून आलेल्या सामानात न फुटलेला बॉम्ब सापडला. त्याला मोबाइल जोडलेला होता. सिमकार्डाचा माग लावापिएस वस्तीतल्या एका दुकानापर्यंत गेला. संध्याकाळी एताने ‘गारा’ दैनिकाला फोन करून हात झटकले. रस्त्यावरच्या लाखोंच्या मोर्चात एकच प्रश्न होता : कोणी केले?

शनिवार, रात्री ८
तीन मोरोक्कन आणि दोन भारतीय अटकेत. भारतीयांची पुढे सुटका झाली. सत्ताधारी पक्षाच्या कार्यालयासमोर जमलेला जमाव ‘मतदानाआधी सत्य हवे’ म्हणत होता.

रविवार, सकाळी ९
मतदान सुरू. सत्ताधारी पक्ष १८३ जागांवरून १४८वर आला. स्फोटांच्या खटल्यात, ऑक्टोबर २००७च्या निकालात न्यायालयाने जिहादी गटातल्यांना दोषी धरले. एताचा हात असल्याचा पुरावा त्याला आढळला नाही.