हिवतापवाहक डासांची जनुकीय ओळख

हिवतापवाहक डासांची जनुकीय ओळख म्हणजे डासाची जात केवळ बाह्य रूपावरून न ठरविता त्याच्या गुणसूत्रांच्या किंवा डीएनएच्या आधारे निश्चित करणे होय. हिवताप (मलेरिया) हा रोग प्लास्मोडियम या परजीवीमुळे होतो आणि ॲनॉफिलिस प्रजातीतील डासांच्या माद्या त्याचा प्रसार करतात. या प्रजातीतील साडेचारशेहून अधिक जाती ज्ञात असल्या तरी रोगप्रसारात सुमारे ४० जातीच महत्त्वाच्या मानल्या जातात. वाहक जाती आणि त्यांच्या निरुपद्रवी भाऊबंद जाती अनेकदा दिसण्यात तंतोतंत सारख्या असतात. त्यांच्यातील भेद ओळखण्यासाठी या पद्धती विकसित झाल्या.

आवश्यकता

डासांचे वर्गीकरण परंपरेने पंखांवरील ठिपके, पायांवरील पट्टे आणि मुखावयवांची ठेवण यांवरून केले जाते. मात्र ज्याला एक जात समजले जाते, तो पुष्कळदा अनेक जातींचा समूह असतो. अशा समूहास ‘जातिसंकुल’ म्हणतात. त्यातील जाती बाह्यतः सारख्या असल्या तरी निसर्गात त्यांचा परस्परांशी संकर सहसा होत नाही आणि त्यांच्या सवयीही भिन्न असतात. एक जात माणसाचे रक्त शोषते, तर दुसरी गुरांचे. एक घरातील भिंतींवर विसावते, तर दुसरी बाहेर झाडाझुडपांत.

हिवताप नियंत्रणाच्या दृष्टीने हे भेद निर्णायक ठरतात. घरातील भिंतींवर केलेली कीटकनाशकाची फवारणी भिंतीवर बसणाऱ्या डासांनाच मारते. निरुपद्रवी जातीलाच वाहक समजल्यास श्रम व पैसा वाया जातो आणि खरा वाहक मोकळा राहतो.

इतिहास

रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरभित्तीत हिवतापाच्या परजीवीची वाढ होत असल्याचे आढळले. पुढे युरोपात एक कोडे निर्माण झाले : काही प्रदेशांत ॲनॉफिलिस डास विपुल असूनही हिवताप नव्हता. इटलीतील फालेरोनी यांनी १९२०च्या दशकात ॲनॉफिलिस मॅक्युलिपेनिस या डासाच्या अंड्यांवरील नक्षी वेगवेगळी असल्याचे दाखविले. ती एक जात नसून अनेक जातींचा समूह आहे आणि त्यांतील काही मुख्यतः गुरांना चावतात, हे त्यातून पुढे स्पष्ट झाले.

आफ्रिकेतील ॲनॉफिलिस गॅम्बी या प्रमुख वाहकाबाबतही असेच घडले. १९६०च्या दशकात डेव्हिडसन यांनी निरनिराळ्या ठिकाणच्या डासांचा प्रयोगशाळेत संकर घडविला, तेव्हा काही जोड्यांची नर संतती वंध्य निपजली. याचा अर्थ त्या जाती स्वतंत्र होत्या. इटालियन शास्त्रज्ञ मारियो कॉलुझ्झी व सहकाऱ्यांनी पॉलिटीन गुणसूत्रांच्या अभ्यासाने हे भेद अधिक स्पष्ट केले. २०१३ मध्ये या संकुलातील एका जातीला त्यांच्या सन्मानार्थ ॲनॉफिलिस कॉलुझ्झी हे नाव देण्यात आले.

पद्धती

गुणसूत्र परीक्षण : अर्धवट पिकलेली अंडी पोटात असलेल्या मादीच्या अंडाशयातील पोषक पेशींमध्ये अनेक धागे एकत्र राहून जाड झालेली पॉलिटीन गुणसूत्रे असतात. रंगविल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवर गडद व फिकट पट्टे दिसतात. गुणसूत्राचा एखादा तुकडा उलटा जोडला गेला असल्यास पट्ट्यांचा क्रम बदलतो आणि त्यावरून जात ओळखता येते. मात्र ही पद्धत योग्य अवस्थेतील मादीवरच वापरता येते व तिला कुशल नजर लागते.

पीसीआर : डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती तयार करण्याचे हे तंत्र कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधले. स्कॉट, ब्रॉग्डन व कॉलिन्स यांनी १९९३ मध्ये ते गॅम्बी संकुलासाठी वापरले. रायबोसोमल डीएनएच्या प्रती प्रत्येक पेशीत मुळातच पुष्कळ असल्याने वाळलेल्या डासाचा एक पायही परीक्षणास पुरतो. त्यातील डीएनएमध्ये सर्व जातींना समान असा एक आरंभक आणि प्रत्येक जातीचा स्वतंत्र आरंभक मिसळतात. तयार झालेल्या तुकड्यांची लांबी जेलवर मोजली जाते. ॲनॉफिलिस गॅम्बीसाठी ती ३९०, तर ॲनॉफिलिस अरेबिएन्सिससाठी ३१५ आधारक-जोड्या इतकी येते.

डीएनए क्रमनिर्धारण : यात आयटीएस२ किंवा सीओआय यांसारख्या ठरावीक भागाचा संपूर्ण क्रम वाचून तो ज्ञात जातींच्या क्रमांशी ताडून पाहतात. अनपेक्षित किंवा नव्या जातीचा शोध घेण्यास ही पद्धत उपयोगी पडते.

भारत व श्रीलंका : ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीज

कालवे, नदीपात्रातील डबकी व भातखाचरे यांत वाढणारा ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीज हा भारताच्या ग्रामीण भागातील हिवतापाचा प्रमुख वाहक आहे. ग्रीन व माइल्स यांनी १९८० मध्ये त्यात दोन जाती असल्याचे दाखविले. त्यानंतर दिल्लीच्या तत्कालीन मलेरिया संशोधन केंद्रातील सरला सुब्बाराव व सहकाऱ्यांच्या संशोधनातून आणखी जाती उघड झाल्या. आज ए, बी, सी, डी व ई अशा पाच जाती मानल्या जातात. त्यांपैकी बी ही मुख्यतः गुरांवर जगणारी व वाहक म्हणून दुर्बळ आहे. इतर चार वाहक आहेत.

उत्तर भारतात ए व बी या जाती अनेक ठिकाणी एकत्र आढळतात आणि बी जातीत डीडीटीला प्रतिकार अधिक दिसून आला. त्यामुळे दोन्ही जातींचे डास एकत्र तपासल्यास बी जातीच्या बहुसंख्येमुळे डीडीटी निष्प्रभ वाटू शकते. प्रत्यक्षात वाहक असलेली ए जात त्याने मरत असण्याची शक्यता उरते.

श्रीलंकेत याहून विलक्षण स्थिती होती. क्युलिसिफेसीज हा तेथील मुख्य वाहक असूनही त्या बेटावर केवळ बी ही दुर्बळ वाहक जातच आढळते, असे मानले जात असे. तमिळनाडूतील रामेश्वरम बेटावर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या कोड्याची उकल सुचविली. पॉलिटीन गुणसूत्रांवरून बी वाटणाऱ्या माद्यांच्या नर संततीत वाय गुणसूत्राचे दोन आकार आढळले. ज्या माद्यांच्या लालाग्रंथींत हिवतापाचे परजीवी सापडले, त्यांच्या नर संततीत यांपैकी एकच आकार होता. त्या डासांना ई जात असे नाव देण्यात आले. लवकरच ही जात श्रीलंकेतही सापडली आणि तेथील खरा वाहक हाती आला. सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका हिवतापमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

ॲनॉफिलिस स्टीफेन्सीचा प्रसार

लिस्टन यांनी १९०१ मध्ये वर्णन केलेला ॲनॉफिलिस स्टीफेन्सी हा भारतातील शहरी वाहक होय. मुंबईतील हिवतापाचा या डासाशी व त्याची पैदास होणाऱ्या विहिरींशी असलेला संबंध बेंटली यांच्या १९११च्या अहवालात मांडलेला आहे. पाण्याच्या टाक्या व हौद ही आजही त्याची नेहमीची पैदासस्थाने आहेत.

२०१२ मध्ये हा डास आफ्रिकेतील जिबूती येथे आढळला आणि २०१६ मध्ये इथिओपियात. आफ्रिकेतील पूर्वीच्या ओळखतक्त्यांत या जातीचा समावेश नव्हता, त्यामुळे डीएनए क्रमावरून मिळालेली खातरजमा मोलाची ठरली. जिबूतीत हिवतापाचे नोंदलेले रुग्ण २०१२ मध्ये केवळ २७ होते. २०२० मध्ये ही संख्या सुमारे ७३ हजारांवर गेली. या डासाचा आफ्रिकेतील फैलाव रोखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये विशेष उपक्रम सुरू केला.

मर्यादा

पीसीआर चाचणी ज्या जातींसाठी रचलेली असते, त्याच जाती ती दाखविते. भलत्याच गटातील डास तपासल्यास निष्कर्ष मिळत नाही किंवा दिशाभूल होते. म्हणून प्रथम सूक्ष्मदर्शकाखाली बाह्य लक्षणांवरून गट ठरविणे आजही आवश्यक आहे. यंत्रे, रसायने व प्रशिक्षित मनुष्यबळ यांचा खर्च ही दुसरी अडचण आहे. शिवाय जात कळली म्हणजे वाहकत्व सिद्ध होत नाही. त्यासाठी डासाच्या लालाग्रंथींत परजीवी आढळावा लागतो आणि तो डास माणसाचे रक्त शोषतो की नाही, हेही तपासावे लागते.

संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास

ॲनॉफिलिस गॅम्बीचा जनुकसंच २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतील १५ ठिकाणांहून गोळा केलेल्या ७६५ डासांच्या जनुकसंचांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रकाशित झाला. अशा अभ्यासांतून डासाच्या जातीबरोबरच कीटकनाशकांना प्रतिकार देणारे जनुकीय बदल व त्यांचा प्रदेशागणिक होणारा प्रसारही समजू शकतो.

हेही पाहा

हिवताप
डास
गुणसूत्र
रोनाल्ड रॉस