संधी आणि शोध

संधी झालेला शब्द कोशात जसाच्या तसा सापडत नाही. आधी त्याचा विग्रह करावा लागतो. संगणकाच्या प्रोग्रॅमांतही नेमक्या याच अडचणीतून एक जुना वाद उभा राहिला आहे.

सी भाषेत मॅक्रोची सोय १९७२-७३ च्या सुमारास आली. मॅक्रो म्हणजे संक्षेप: लेखकाने छोटी खूण लिहावी आणि कंपायलरच्या हाती जाण्यापूर्वी तिच्या जागी पूर्ण मजकूर बसावा. त्याच सुमारास, १९७३ मध्ये, युनिक्समध्ये केन थॉम्प्सन यांचे ग्रेप दाखल झाले. हजारो ओळींतून हवा तो शब्द ते क्षणात शोधून देई. एक साधन मजकूर झाकणारे, तर दुसरे तो दिसतो या भरवशावर चालणारे. पुढे १९८९ च्या प्रमाणित सीने दोन शब्द जोडून तिसरा घडविण्याची अधिकृत रीत दिली आणि संधीची अडचण पुरी झाली.

लिनक्सच्या ड्रायव्हरांत, म्हणजे उपकरणांशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमांत, ती विशेष जाणवते. २०१३ मध्ये 'डिव्हाइस_ॲट्र_आरओ' हा मॅक्रो आला. त्याला 'टेम्प' एवढेच नाव दिले, की तो 'टेम्प_शो' हे फंक्शन स्वतःच गाठतो. लेखकाचे श्रम वाचतात, चुकाही टळतात. परंतु नवख्या वाचकाने 'टेम्प_शो' शोधले, तर त्याची व्याख्या सापडते. त्याला हाक मारणारा कोठेच दिसत नाही. निरुपयोगी समजून ते काढावे, तर कंपायलर अडतो!

मॅक्रोच्या पक्षाचे म्हणणे खोटे नाही. शेकडो ड्रायव्हरांत तोच साचा हाताने उतरविणे म्हणजे चुकांना आमंत्रण. म्हणून लिनक्सने मॅक्रो टाकले नाहीत. उलट नावांची सूची करणाऱ्या साधनासच अशा काही संधींचा विग्रह शिकविला. मात्र लेखनशैलीच्या नियमांत एक गोष्ट निक्षून सांगितली: वापरणाऱ्यास दिसणारा संदेश, ओळ लांबली तरी, तोडू नये, तोडला तर ग्रेपला तो सापडत नाही.

आम्हांस हा नियम मोलाचा वाटतो. प्रोग्रॅम एकदा लिहिला जातो, शोधला मात्र वर्षानुवर्षे जातो. बंद पडलेल्या यंत्रापुढे बसलेल्या माणसाच्या हाती बहुधा पडद्यावरचा एक संदेशच असतो. त्या संदेशावरून मूळ ओळीपर्यंत पोहोचण्याची वाट लेखकाने मोकळी ठेवावी, एवढीच आमची अपेक्षा.